भुसावळहून मतमाउलीच्या वाटेवर

हरेगावच्या मतमाउलीला, म्हणजे येशूची आई पवित्र मारिया हिच्या तीर्थस्थानी, पायी जाण्याची ओढ आमच्या भुसावळच्या धर्मग्रामात (एका चर्चशी जोडलेल्या कॅथलिक समाजात) पुष्कळांना होती. ८ सप्टेंबर हा पवित्र मारियेचा जन्मदिन आणि त्याच सुमारास श्रीरामपूर तालुक्यातील हरेगावी यात्रा भरते. म्हणून ऑगस्ट संपता संपता, पाऊस अंगावर घेतच, आम्ही जळगाव, पाचोरा, भडगाव, चाळीसगाव आणि तिथून घाट चढून कन्नड, वैजापूर असा मार्ग धरला.

निघण्यामागे नवसापेक्षा वेगळे कारण होते. आमच्याकडे रविवारच्या मिस्सेला (सामुदायिक उपासनेला) बाके भरतात, सणाला रोषणाई होते, गायनमंडळही चांगले आहे. तरीही दफनभूमीच्या कुंपणाच्या वर्गणीवरून दोन घरांचे बोलणे तुटले होते आणि मिस्सेत एकमेकांना शांती देण्याची वेळ आली की ती माणसे समोर पाहत उभी राहत. पावित्र्य हे केवळ धर्मगुरूंचे आणि सिस्टरांचे काम नव्हे, ते प्रत्येक बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाचे पाचारण आहे, हे कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली स्पष्ट शब्दांत मांडले. मला वाटते, हे पाचारण आम्ही प्रवचनात ऐकले आणि तिथेच ठेवले. ध्यानसाधनेची शिबिरेही आम्ही घेतली आहेत. ती उपयोगी असतात, परंतु तिथे माणूस आपल्या आवडीच्या माणसाशेजारी बसू शकतो.

फादरांनी एकच शिस्त घातली होती: ज्याची चाल सर्वांत मंद, त्याने पुढे चालायचे. त्यामुळे धडधाकट तरुणांनाही आजीबाईंच्या मागे पाऊल आवरावे लागले. पहाटे चालायला लागताना माळेची प्रार्थना सुरू होई. पुढची ओळ ‘नमो मारिया’चा पहिला अर्धा भाग म्हणे, मागची ओळ उरलेला पूर्ण करी, आणि पाच दशके (दहा-दहा प्रार्थनांचे पाच गट) संपेपर्यंत दोन्ही बाजूंच्या कपाशीवर उजेड पसरलेला असे. वाटेत एका मळ्यातल्या बाबांनी अहिराणीत विचारले, “कथा जाई रायनात भाऊ?” (कुठे चाललात भाऊ?) आम्ही सांगितले. ते स्वतः आषाढीला पंढरीला पायी जाणारे. त्यांनी अधिक काही न विचारता कळण्याच्या भाकरी आणि ठेचा आमच्या पुढ्यात ठेवला.

पाचोरा सोडल्यावर त्या दोन घरांपैकी एका गृहस्थांच्या टाचेला मोठा फोड आला. दुसऱ्या घरचे काका रेल्वेतून निवृत्त झालेले, हाताने कसबी. त्यांनी काडी पेटवून सुई तापवली, दोरा ओवला आणि फोडातून आरपार नेऊन दोन्ही टोके बाहेर ठेवली, म्हणजे पाणी झिरपत राहते आणि कातडी फाटत नाही. हे करताना त्यांना तो पाय आपल्या मांडीवर घ्यावा लागला. दोघांपैकी कोणीच वर्गणीचा विषय काढला नाही, “दुखतंय का?” आणि “नाही, चालेल,” एवढेच बोलणे झाले.

त्या रात्री भडगावजवळच्या एका शाळेच्या ओसरीवर फादर पापनिवेदनासाठी बसले. त्याआधी त्यांनी मत्तयच्या शुभवर्तमानातील प्रभूची शिकवण वाचली: वेदीजवळ अर्पण आणले असता भावाचे आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा. दोघेही उठून शाळेच्या फाटकापर्यंत गेले आणि बराच वेळ तिथे बोलत उभे राहिले. परत आल्यावर ते एकापाठोपाठ पापनिवेदनाला बसले. धर्मग्रामाचे नूतनीकरण म्हणजे काय, असे मला कोणी विचारले तर मी हेच सांगेन. पापनिवेदनाच्या संस्काराची कृपा देवाची असते, पण तिच्यापर्यंत पोहोचायला त्या फाटकापर्यंत चालावे लागते, आणि ते एकट्याला जमत नाही.

चाळीसगावनंतर औट्रम घाट लागला. शुक्रवार असल्याने दुःखाची रहस्ये (माळेच्या प्रार्थनेतील ख्रिस्ताच्या दुःखसहनावरचे चिंतन) म्हणत, गाड्यांच्या रांगेला वाट देत, आम्ही गौताळ्याच्या हिरव्या रानातून वर चढलो. क्रूस कोणी धरायचा, हे वळणावळणाला बदलत होते.

हरेगावहून परतल्यावर दर शुक्रवारी संध्याकाळी आळीपाळीने घराघरांत माळेची प्रार्थना सुरू झाली आहे. पहिली प्रार्थना त्या काकांकडे झाली, आणि शेजारच्या घरांतून खुर्च्या गोळा करून आणण्याचे काम टाचेला फोड आलेल्या गृहस्थांनी स्वतःहून अंगावर घेतले.