फुकटातली सोय बंद होते तेव्हा

आवडती सोय बंद होणार अशी सूचना आली की बहुतेक जण लगेच पर्याय शोधायला लागतात. क्रम उलटा हवा. पर्याय महिन्याभरानेही सापडेल, डेटाला मात्र मुदत असते. ब्लॉग-बातम्या एका जागी वाचायचा गूगल रीडर १ जुलै २०१३ ला बंद झाला आणि त्यानंतर डेटा उतरवून घ्यायला मिळाले जेमतेम दोन आठवडे, १५ जुलैपर्यंत.

सूचनेत पहिल्यांदा शोधायचं ते हे: मर्यादेबाहेरच्या जुन्या गोष्टींचं काय होणार? गूगल फोटोजने १ जून २०२१ पासून अमर्याद फुकट जागा बंद केली, पण त्याआधी 'हाय क्वालिटी'त चढवलेले फोटो फुकटच्या १५ जीबीत मोजले नाहीत. नोट्स ठेवायच्या एव्हरनोट अ‍ॅपने डिसेंबर २०२३ मध्ये फुकट खात्याला ५० नोट्स आणि एक नोटबुक एवढीच मर्यादा घातली. जुन्या नोट्स वाचता, बदलता, बाहेर काढता येत होत्या, फक्त नव्याची भर बंद. फोटो ठेवायच्या फ्लिकरने २०१८ मध्ये फुकट खात्याला १००० फोटोंची मर्यादा जाहीर केली तेव्हा मात्र त्यावरचे फोटो पुसले जाणार होते, तेही सर्वांत जुने आधी. तिन्हीकडे शब्द 'मर्यादा'च. मजकूर शेवटपर्यंत वाचायचा तो यासाठी.

एव्हरनोटमधून नोट्स काढायच्या तर मोबाइल बाजूला ठेवा, संगणकावरचं अ‍ॅप उघडा. नोटबुकवर राइट क्लिक, एक्सपोर्ट, ईएनईएक्स (एव्हरनोटचा स्वतःचा) फॉरमॅट. प्रत्येक नोटबुकची वेगळी फाइल करा आणि फाइलला नोटबुकचंच नाव द्या. या फाइलीत टॅग, तारखा, जोडलेल्या फाइली येतात. नोटबुकचं नाव येत नाही. सगळं एकत्र काढलंत तर वर्षानुवर्षांची मांडणी एका ढिगात जाते. एका नोटमधून दुसरीकडे दिलेल्या लिंकही तुटू शकतात, तुटलेल्या हाताने जोडाव्या लागतात. जॉप्लिन हे नोट्सचं दुसरं अ‍ॅप ही फाइल मार्कडाउन (साध्या खुणांचा मजकूर) किंवा एचटीएमएल (वेबपानाचं रूप) म्हणून आत घेतं. मार्कडाउनमध्ये रंग आणि जोडलेल्या रकान्यांचे तक्ते बिघडतात, एचटीएमएलमध्ये रूप टिकतं पण पुढे संपादन कटकटीचं. नुसता मजकूर असेल तर मार्कडाउनच बरं. आधी एका छोट्या नोटबुकवर करून बघा.

फोटोंची गोष्ट थोडी फसवी आहे. गूगल टेकआउट, म्हणजे गूगलमधला आपला डेटा बाहेर काढायची सोय, तिच्या डाउनलोडची लिंक साधारण ७ दिवसांत संपते, म्हणून डाउनलोड पूर्ण करायला वेळ असेल तेव्हाच मागणी नोंदवा. फोटोंसोबत येणाऱ्या जेसन (माहितीच्या) फाइली कचरा समजून बरेच जण टाकून देतात. गूगल फोटोजमध्ये तुम्ही दुरुस्त केलेली तारीख आणि लिहिलेलं वर्णन त्यांच्यातच असतं. ते गेलं की स्कॅन केलेले जुने फोटो थेट स्कॅनच्या किंवा डाउनलोडच्या तारखेखाली जाऊन बसतात. फोटो एका झिपमध्ये आणि त्याची जेसन दुसऱ्या झिपमध्ये, असंही होतं. तेव्हा सगळ्या झिप एकाच फोल्डरमध्ये उघडा, मगच एक्झिफटूलसारख्या, फोटोतली माहिती बदलणाऱ्या साधनाने तारखा फोटोंत भरा.

नव्या ठिकाणी आल्यावर आकडा जुळवा: इकडे किती, तिकडे किती. मग सर्वांत जुनी, सर्वांत मोठी आणि पीडीएफ जोडलेली एकेक नोट उघडून पाहा. गडबड बहुधा इथेच सापडते. जुनं खातं लगेच पुसू नका. त्याच खात्याने आणखी कुठे लॉगिन होत असेल, तर आधी तिथला ईमेल बदलून घ्या.