सातजणांचं बिल

रविवारच्या मिसळीचा हिशोब आमच्या कंपूने माझ्या गळ्यात बांधलाय. आम्ही सातजण. कुणाचे पाव जास्त, कुणी ताक घेतलेलंच नाही, या वादात मी पडत नाही. सरळ सातने भागतो. गेल्या रविवारी बिल बरोब्बर हजार झालं. मोबाइलवर आकडा आला : १४२.८५७१४२८५७. माणशी एकशे त्रेचाळीस काढा म्हटलं. जमले एक हजार एक. एक रुपया माझ्याकडे राहिला.

तर्री थंड होईपर्यंत मी त्या आकड्याकडे बघत बसलो. १४२८५७, पुन्हा १४२८५७. ओळखीचा चेहरा वाटला. शाळेत पायची किंमत २२/७ घ्यायचो, म्हणजे ३.१४२८५७…, तिथला हा. (त्या गणितांत वर्तुळाची त्रिज्या कायम ७, १४ नाहीतर २१ सेंमी का असायची, हे तेव्हा कधी मनात आलं नाही.) खरा पाय ३.१४१५९… असा वेगळ्याच वाटेने जातो. दोघांची सोबत ३.१४ पर्यंतच.

या संख्येला दोनने गुणा : २८५७१४. तीनने : ४२८५७१. चारने ५७१४२८, पाचने ७१४२८५, सहाने ८५७१४२. माणसं तीच, पंगत तीच, फक्त वाढायला सुरुवात दुसऱ्या पानापासून. आणि सातने गुणलं की सगळी उठून जातात : ९९९९९९.

यात जादू नाही, आणि मला तेच जास्त आवडतं. चौथीतला भागाकार आठवा. एकावर शून्य घेऊन दहाला सातने भागलं, भाग एकाचा, बाकी ३. तीसला भाग चारचा, बाकी २. मग बाकी ६, ४, ५, आणि परत १. सातने भागल्यावर शून्य सोडलं तर बाकी सहाच प्रकारची उरू शकते; इथे सहाही जणी एकेकदा येऊन जातात आणि पुन्हा पहिलीवर गाडी येते. दोनला भागायला बसलात तर त्याच फेऱ्यात मधूनच शिरता, एवढंच. तेराचं असं होत नाही. तिथे बारा बाक्या सहा-सहाच्या दोन टोळ्या करून फिरतात. सतराचा फेरा सोळा अंकांचा, पूर्ण आहे, पण त्याची सुरुवात शून्याने होते. शून्य पुढे लावून बसलेल्या संख्येला मी तरी संख्या म्हणणार नाही.

देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर ६१७४ मुळे जगभर माहीत झाले, पण त्यांच्या नावाच्या 'कापरेकर संख्यां'मध्ये आपला हा गडीही आहे. याचा वर्ग २०४०८१२२४४९. उजवीकडचे सहा अंक तोडा आणि दोन तुकड्यांची बेरीज करा : २०४०८ + १२२४४९. उत्तर १४२८५७. स्वतःलाच स्वतःने गुणलं, फोडलं, जोडलं, तरी हा जागचा हलत नाही.

घरी येऊन कागदावर आणखी थोडं खरडलं तेव्हा कळलं, की १४३ ला ९९९ ने गुणलं तरी हाच आकडा येतो. म्हणजे माणशी काढलेली वर्गणी त्यात आधीपासून बसलेलीच होती.

राहता राहिला तो एक रुपया. परत करायचा तर सातजणांत वाटायला हवा. पावलीसुद्धा २०११ सालीच बाद झाली, तरी हिशोब म्हणजे हिशोब. भागून पाहिला : माणशी ०.१४२८५७१४२८५७…