बालवर्गातली समानता : तक्त्यांनी नाही, रांगेने बदल झाला

मी पूर्वप्राथमिक शाळेत शिकवते. माझ्या वर्गात तीन ते सहा वर्षांची मुलं. मुलगा-मुलगी भेद आणि एकमेकांशी आदराने वागणं हा विषय वर्षभर नीट हाताळायचा असं शाळेने ठरवलं आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं. पहिली सूचना अर्थातच तक्त्यांची. एका तक्त्यावर वैमानिक बाई, दुसऱ्यावर कपडे वाळत घालणारे बाबा. लावले. मुलांनी चार दिवस कौतुकाने बघितले, पुढे कुणी ढुंकूनही बघेना.

खरं काम निरीक्षणापासून सुरू झालं. एक ताई वर्ग घ्यायची आणि दुसरी वही घेऊन कोपऱ्यात बसायची. मत द्यायचं नाही, फक्त टिपायचं. कोण कुठे खेळतंय, कुणाचं नाव कशासाठी घेतलं जातंय, भांडण झालं की मोठं माणूस कुणाला काय सांगतंय. सगळ्या वर्गांच्या वह्या शेजारी शेजारी ठेवल्या तर मजकूर जवळजवळ सारखाच. मुलग्यांना हाका लांबून आणि मोठ्याने: ‘खाली उतर’, ‘ढकलू नको’. मुलींचं कौतुक फ्रॉकचं, वेणीचं, शहाण्यासारखं बसल्याचं. पसारा आवरायला मुली, टेबल सरकवायला मुलगे. यात कुणाचाच हेतू वाईट नव्हता. लिसा सर्बिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बालवर्गांमधल्या निरीक्षणावर १९७३ मध्ये जे लिहिलं, तेही याच्याशी बरंच जुळतं. मुलग्यांच्या दांडगाईवर शिक्षिका चटकन आणि मोठ्याने बोलायच्या. मुलींकडे लक्ष जायचं ते त्या शिक्षिकेच्या आसपास घुटमळत असताना.

सगळ्यात आधी रांग बदलली. ‘मुलगे इकडे, मुली तिकडे’ हे वाक्य दिवसातून किती वेळा कानावर पडतं, ते वही उघडेपर्यंत कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. लेसी हिलियर्ड आणि लिन लिबेन यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग मी शिक्षकसभेत सांगितला. काही बालवर्गांत शिक्षकांनी दोन आठवडे मुद्दाम मुलगे-मुली असा उल्लेख केला, रांगाही तशाच लावल्या. तेवढ्यात त्या वर्गांतल्या मुलांचे साचेबंद समज वाढले आणि मुलगे-मुली एकमेकांशी कमी खेळू लागले. कुणी कुणाला कमी लेखणारा एक शब्दही उच्चारला नव्हता, नुसती विभागणी पुरली.

मग आम्ही रांगा बुटांवरून लावल्या, नावातल्या अक्षरावरून लावल्या. ‘ज्यांच्या नावात र आहे ते उठा.’ सुरुवातीला गोंधळ माजला आणि हात धुवायला जायला दुप्पट वेळ लागू लागला. एक सहकारी म्हणाली, “ताई, हे तुमचं समानतेचं प्रकरण माझा सगळा तास खातंय.” तिचं खोटं नव्हतं. पण नावातला आवाज ओळखायचा सराव आपोआप होऊ लागला, तेव्हा तिनेच तो खेळ उचलून धरला.

नंतर कोपरे. भातुकली आणि ठोकळे यांच्यामध्ये पुस्तकांचं कपाट होतं. ते हलवलं आणि दोन्ही कोपरे एक केले. मुलींना ठोकळे खेळायला लावायचं आणि मुलग्यांना बाहुल्या, असे ‘अदलाबदलीचे दिवस’ मी साफ नाकारले, कारण सक्तीचा खेळ हा खेळच राहत नाही. कपाट गेल्यावर थोड्याच दिवसांत ठोकळ्यांचा दवाखाना उभा राहिला. एका मुलीच्या बाहुलीची गाडी पायरीवर अडायची, म्हणून एक मुलगा उतार बांधत बसला. फळी घसरायची, तो खाली अजून एक ठोकळा सरकवायचा, ती गाडी ढकलून बघायची. “हळू! बाळाला टाके आहेत,” असं तो तिला दटावत होता. असा खेळ सांगून घडवता येत नाही.

गोष्टींचा अनुभव मात्र चक्रावून टाकणारा. नळ दुरुस्त करणाऱ्या बाईची एक गोष्ट मी रंगवून सांगितली. पुढच्या आठवड्यात मुलांना तीच सांगायला लावली, तर अनेकांच्या गोष्टीत नळ दुरुस्त करायला काका आले होते! कॅरल मार्टिन आणि चार्ल्स हॅल्वर्सन यांना १९८३ मध्ये हेच आढळलं होतं. पाच-सहा वर्षांच्या मुलांना रूढ समजाच्या उलट काम करणाऱ्यांची चित्रं दाखवली, की आठवड्याभराने मुलं चित्रातली व्यक्तीच बदलून सांगत. म्हणजे एक गोष्ट सांगून सुटका नाही. आम्ही तीच बाई पुन्हा पुन्हा आणली, तिला हत्यारांची पेटी दिली, आणि गोष्टीत मध्येच थांबून ‘आता पाना कोण फिरवणार?’ असं विचारू लागलो. शिवाय मुलांना दोन-तीन तयार उत्तरं पाठ करून घेतली. ‘हा मुलींचा रंग आहे’ असं कुणी म्हटलं की ‘रंग सगळ्यांचे असतात’. ही उत्तरं मुलं इतक्या आनंदाने फेकायची की कधीकधी आवरावं लागायचं.

आदराचा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो, आणि अवघड होता तोही तोच. एका मुलाला सगळ्यांना मिठ्या मारायची सवय होती. एक मुलगी त्याने धरलं की खांदे वर ओढून ताठ उभी राहायची. अशा वेळी मोठ्यांच्या तोंडून हमखास निघतं, “अगं, प्रेमाने करतोय तो.” हे वाक्य आम्ही शाळेत बंद केलं. त्याच्यासोबत ‘मुलगा असून रडतोस?’ हेही. मुलांना तळहात पुढे करून ‘थांब, मला नको’ म्हणायला शिकवलं. त्याहून जास्त वेळ दिला तो समोरच्याने लगेच थांबण्याच्या सरावाला. ‘सॉरी म्हण’ ही कवायत मला कधीच पटलेली नाही. मूल सॉरी फेकतं आणि पुढच्या मिनिटाला तेच करतं. त्यापेक्षा ‘तिच्याकडे बघ, तिला आता काय हवंय?’ हा प्रश्न बरा. त्या मुलाने स्वतःच तोडगा काढला: दोन्ही हात पसरून आधी विचारायचं, “मिठी?” मान हलली तरच पुढे. हा नियम मोठ्यांनाही लागू केला. नाक पुसण्याआधी, उचलून घेण्याआधी विचारायचं. घाईच्या वेळी हे जमत नाही, पण बाकी वेळी जमतं.

पालकसभा गाजणार हे ठाऊकच होतं. “इतक्या लहान वयात हे कशाला?” हा पहिला प्रश्न. लिन बियन, सारा-जेन लेस्ली आणि आंद्रेई सिम्पियन यांच्या २०१७ च्या संशोधनाचा तिथे उपयोग झाला. पाचव्या वर्षी मुलगे आणि मुली दोघंही आपल्याच गटातल्या कुणाला तरी ‘खूप खूप हुशार’ ठरवतात. सहाव्या वर्षापासून मुली तसं कमी म्हणू लागतात, आणि ‘हुशार मुलांसाठी’ म्हणून सांगितलेल्या खेळात त्यांना कमी रस वाटतो. म्हणजे पहिलीत गेल्यावर बघू म्हटलं तर उशीर होतो. मुख्याध्यापिकांनी पालकांच्या पत्रात संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातलं कलम २९ घातलं. शिक्षणाने मुलांना स्त्री-पुरुष समानतेच्या भावनेने जगायला तयार करावं, असं त्यात आहे. त्यामुळे हे एका ताईच्या डोक्यातलं खूळ नाही एवढं तरी ठरलं.

एका वडिलांची काळजी वेगळी होती. मुलगा रोज बाहुलीला अंघोळ घालतो, याचं पुढे काय होईल? मी काही बोलायच्या आत त्याची आई म्हणाली, “काय होणार? तुम्ही याला घालत होतात ना, तेच करतोय.” सभा हसली, वडीलही हसले. मी एवढंच जोडलं की या वयात आपण मुलगा की मुलगी हे मुलांना कळतं, पण कपडे किंवा खेळ बदलल्याने ते बदलत नाही ही समज हळूहळू येते, आणि तोवर काही मुलं रंग-कपड्यांबाबत भलतीच हट्टी असतात. त्यामुळे घाबरायचं कारण नाही, चिडवायचं तर मुळीच नाही.

सत्र संपताना पुन्हा वह्या घेऊन बसलो. कोपऱ्यांत मुलं सरमिसळ खेळताना दिसली, लांबून मारलेल्या हाका कमी झाल्या. सकाळी दारात मुलींच्या कपड्यांचं कौतुक मात्र जसंच्या तसं. जीभ सवयीने तिकडेच वळते. मैदानाला तर आम्ही हातच लावलेला नाही. मधली सगळी जागा चेंडूवाल्या मुलग्यांची, बाकीचे कडेकडेने. आठवड्यातून एक दिवस चेंडू बंद ठेवावा असं काही सहकाऱ्यांचं म्हणणं आहे. मला ते पटत नाही. चेंडू राहू दे, दोऱ्या, चाकं आणि वाळू मध्ये आणा, असं माझं मत आहे. त्यावर अजून वाद चालू आहे.