जोड-सिलिंडरसाठी विंग निवडताना : माझा अनुभव

सांगलीच्या माई घाटावर आजोबांनी पाठीला भोपळा बांधून मला कृष्णेत उतरवलं, तेव्हा मी सात वर्षांचा होतो. अंगाला पाण्याची सवय झाली तसा त्यांनी मोठा भोपळा सोडून लहान बांधला. यंदा स्कूबासाठी विंग, म्हणजे पाठीवरची हवेची पिशवी, निवडताना तो भोपळा सारखा आठवत होता.

मालवणला काही वर्षं एका सिलिंडरवर डाइव्ह केल्यावर जोड-सिलिंडर शिकायचं ठरवलं. एका सिलिंडरचं हवा भरायचं जॅकेट तिथं चालत नाही. त्याचा पट्टा दोन्ही सिलिंडर धरून ठेवत नाही. म्हणून स्टीलची बॅकप्लेट, म्हणजे सिलिंडर अंगाला धरून ठेवणारी पाठीवरची प्लेट, आणि तिच्या मागं रुंद विंग घ्यायचं नक्की केलं.

विक्रेत्यानं ४५ किलो उचलणारी विंग सुचवली. "मोठीच घ्या, कमी पडायची नाही." मी घेणारच होतो. आमचे प्रशिक्षक म्हणाले, "आधी कागदावर हिशेब मांडा."

तो असा. ११.१ लिटरची दोन अॅल्युमिनियमची सिलिंडर २०७ बार दाबापर्यंत भरली की साडेचार हजार लिटरच्या वर हवा बसते. तिचं वजन साडेपाच किलो. ही हवा संपत जाते, म्हणून सुरुवातीला तेवढं जड असावंच लागतं. खोलवर ३ एमएमचा रबरी सूट दाबला जातो आणि आणखी दोनेक किलोंचा आधार जातो. शिवाय सगळं साहित्य अंगावरून उतरवलं तरी ते पाण्यावर राहायला हवं. हे धरून मला १८ किलोची विंग पुरते. फार मोठ्या विंगेत थोडीशी हवा इकडून तिकडे पळते, आणि नेमकी वर येताना ती सोडायला त्रास होतो.

स्टीलच्या सिलिंडरांचा मोह मात्र कष्टानं सोडला. ती रिकामी झाली तरी जडच राहतात. पातळ सूट आणि तळाशी फाटलेली विंग, असं झालं तर हलकं व्हायला टाकून द्यावं असं शिशाचं वजनही नसतं. ही जोखीम मला पत्करायची नव्हती.

बॅकप्लेट कुपवाड एमआयडीसीत करून घेतली. स्टेनलेस स्टीलचा ३१६ ग्रेडचाच पत्रा धरला, कारण खाऱ्या पाण्यात ३०४ला बारीक खड्डे पडतात. जाडी ३ एमएम, बोल्टच्या भोकांमध्ये अंतर ११ इंच. कटिंग झाल्यावर तिथल्या मिस्त्रींनी पट्ट्याच्या खाचेवरून अंगठा फिरवला. "सर, ह्या धारंवर पट्टा घासला तर तुटंल की." मग गोल कानस घेऊन त्यांनी एकेक खाच आतून घासली. दर वेळी अंगठा फिरवायचा, पुन्हा घासायचं. अर्धा तास गेला. पट्टा तुटला तर समुद्रात काय होईल, हे त्यांना सांगावं लागलं नाही.

तलावात सगळं नीट जमलं. पण समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा अडीच टक्के जड. मी आणि साहित्य मिळून सव्वाशे किलोंच्या घरात, म्हणजे तीन किलो शिसं वाढवायला हवं होतं. ते कमरेला बांधलं, तर सिलिंडर रिकामी होत आली तसे पाय वर जाऊ लागले. अॅल्युमिनियमचे बूड हलके होतात. दुसऱ्या डाइव्हला तेच शिसं दोन सिलिंडरांच्या मधल्या खाचेत, अगदी खाली बसवलं.

शेवटी ५० बार उरलेले, विंग पूर्ण रिकामी, वर येताना सुरक्षेसाठी पाच मीटरवर तीन मिनिटं थांबलो. घड्याळाकडं बघत आडवा पडून होतो. ना वर, ना खाली.