आक्काचं नाव सातबाऱ्यावर

दादाचं तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी पुतण्यानं शेताचा सातबारा माझ्या हातात ठेवला. बापू १९९७ साली गेले, तरी खटाव तालुक्यातल्या आमच्या जवळपास सहा एकरांवर अजून त्यांचंच नाव. दादा दरवर्षी म्हणायचा, "यंदा वारस लावू." मी पुण्याहून दिवाळीला जायचो, हो म्हणायचो आणि परत यायचो.

मी बहात्तर वर्षांचा आहे. त्या रात्री मला झोप लागली नाही. बापूंचे वारस होते तीन, आम्ही भावंडं. दादा गेल्यावर वहिनी आणि दोन पुतणे धरून पाच झाले. मी गेलो की माझी बायको आणि दोन मुलं धरून सात, आणि त्यातला मुलगा कॅनडात. हा गुंता मुलांच्या गळ्यात टाकून जायचं नाही, एवढं मी तेव्हाच ठरवलं.

दुसऱ्या दिवशी तलाठी भाऊसाहेबांना भेटलो. बापूंच्या मृत्यूचा दाखला, आठ अ म्हणजे जमिनीचा खातेउतारा, सगळ्यांची आधार कार्डं आणि वारसांचं स्वयंघोषणापत्र, एवढं लागेल म्हणाले. पहिला अर्ज परत आला, कारण सातबाऱ्यावर नाव 'बापू' आणि दाखल्यावर पाळण्यातलं. दोन्ही नावं एकाच माणसाची, असं प्रतिज्ञापत्र करावं लागलं. ज्यांच्याकडे जुनी कागदपत्रं आहेत त्यांनी नावाचं स्पेलिंग आणि टोपणनाव आधी ताडून पाहावं, निदान एक हेलपाटा वाचेल.

खरी गोष्ट पुढं आहे. अर्ज लिहिताना गावातले एक जाणते गृहस्थ सहज म्हणाले, "आक्काचं हक्कसोडपत्र करून घ्या, मग सुटसुटीत होईल." म्हणजे बहिणीनं जमिनीतला आपला हिस्सा लिहून सोडायचा. आमच्याकडे ही रीतच आहे. मी आक्काच्या गावी गेलो. ती अठ्ठ्याहत्तरची, कानानं कमी ऐकते. विषय काढताच म्हणाली, "कुठं अंगठा करू सांग. मला कशाला रं जिमीन? नाव लावलं की म्हायेर तुटतं."

मी गप्प बसलो. मुलगी वारस आहे हे १९५६ च्या कायद्यातच आहे. २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित जमिनीतही तिला जन्मानं मुलाइतकाच हक्क दिला आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की, त्यासाठी २००५ साली बाप हयात असण्याची अट नाही. हे सगळं मला माहीत होतं. तरी आक्काच्या तोंडून 'म्हायेर तुटतं' ऐकेपर्यंत ती किती भीत भीत माहेरी येत असेल, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

तिच्या आधारवर सासरचं नाव. ती बापूंची मुलगी असल्याचा पुरावा हवा, म्हणून मी गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत गेलो. गुरुजींनी कपाटातून जुनं जनरल रजिस्टर काढलं. पानं पिवळी, कडा वाळवीनं खाल्लेल्या. बोट फिरवत फिरवत ते आक्काच्या ओळीवर थांबले. इयत्ता चौथी. प्रगती: चांगली. शाळा सोडण्याचे कारण: घरी लहान भाऊ सांभाळणे.

तो लहान भाऊ मी. मी तेव्हा चार वर्षांचा होतो, आई बापूंबरोबर शेतात जायची. पुढं मी वडूजला हायस्कूलला गेलो, पुण्यात शिकलो, नोकरी केली, पेन्शन घेतोय. त्या बाकावर बसून मी ती ओळ किती वेळा वाचली, सांगता येत नाही. गुरुजींनी पाण्याचा तांब्या पुढं केला.

संध्याकाळी वहिनीला आणि पुतण्यांना बसवून सांगितलं, आक्काचं नाव लागणार आणि हक्कसोड होणार नाही. थोरला पुतण्या थोडा वेळ काही बोलला नाही. मग वहिनीच म्हणाली, "लागू दे. माझ्या दोन्ही बाळंतपणांत तीच आली होती."

पुढचं काम सरळ झालं. वारसांची नोंद सहा-क या वारसांच्या वहीत, चौकशी, मग फेरफार, म्हणजे मालकी बदलाची नोंद. नोटिसा निघाल्या, चावडीवर कागद लागला, हरकतीचे पंधरा दिवस गेले आणि मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद प्रमाणित केली. त्याच महिन्यात मी माझं मृत्युपत्रही केलं. त्याला स्टँप लागत नाही, दोन साक्षीदार लागतात. नोंदणी सक्तीची नसली तरी मी ती करून घेतली आणि मुलाला, मुलीला फोनवर सगळं वाचून दाखवलं. मुलगी रडली, मुलगा म्हणाला, "बाबा, आताच कशाला?" आताच, कारण आता माझा हात सही करताना थरथरतो, पण डोकं थाऱ्यावर आहे.

भाऊबीजेला पंधरा रुपये भरून डिजिटल सातबारा काढला आणि आक्काकडे घेऊन गेलो. तिनं चष्मा लावला, कागद उंबऱ्याशी उजेडात धरला. स्वतःचं नाव अक्षर अक्षर लावून वाचलं. मग बोट वर सरकलं, बापूंच्या नावावर, जिथं आता आडवी रेघ आहे.

"बापूंचं नाव खोडलं व्हय रं?"

"रेघ मारलीय आक्का. पण वाचता येतंय बघ."

तिनं तेही वाचलं.