तुम्ही विचारलंत म्हणून: आधी लिफ्ट दाखवा

"दोघंच तर राहता, सात खोल्या कशाला? विकून टाका, विश्रामबागला एखादा टू बीएचके घ्या." लग्नात हेच, मंडईत हेच, पुण्याहून मुलाचा फोन आला की हेच. परवा तर सिलिंडरवालाही म्हणाला. आजवर मी "बघू" म्हणून सुटत आले. आज सांगून टाकते, म्हणजे पुन्हा विचारणार नाही.

एक आधीच सांगते, माझा जीवबीव काही त्या घरात अडकलेला नाही. सांगलीत नदीकाठच्या गावभागातलं घर. 2005 ला पुराचं गुडघाभर पाणी, 2019 ला माझ्या कपाळाला लागेल एवढं, 2021 ला पुन्हा कमरेपर्यंत. कितीही रंग द्या, पावसाळ्यात भिंतीला खार फुटतो आणि रेघ वर येते. खालच्या मजल्यावर आता लोखंडी कॉट आणि दोघांना उचलता येईल तेवढंच सामान ठेवतो. कोयना धरणाचा विसर्ग वाढला की हे तासातासाला आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी बघतात. धोक्याची पातळी 45 फूट, पण आमच्या गाद्या 40 लाच वर जातात. वर जायला 17 पायऱ्या आणि माझे गुडघे हे असे. तेव्हा हिशेब मलाही कळतो. घर विकल्यावर दोन वर्षांत दुसरं घेतलं नाही तर नफ्यावर कर भरावा लागतो, हेसुद्धा मला पाठ आहे.

आणि आम्ही फ्लॅटमध्ये राहून बघितलंय, हे तुम्ही सगळे विसरता.

8 ऑगस्ट 2019. त्याच सकाळी ब्रह्मनाळला बोट उलटल्याची बातमी फोनवर आलेली आणि दुपारी आमच्या जिन्याला बोट लागली. सासूबाईंना आम्ही आत्या म्हणायचो. वय 88, पाय चालत नव्हते. जवानांनी त्यांना लाल प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून, खुर्चीसकट उचलून बोटीत ठेवलं. आत्यांनी देव्हाऱ्यातला बाळकृष्ण मुठीत घट्ट धरला होता आणि मला विचारलं, "परत कधी यायचं गं?" मी म्हटलं, "पाणी उतरलं की."

विश्रामबागला ओळखीनं फ्लॅट मिळाला. तिसरा मजला, अकरा महिन्यांचा करार. पाणी आठवड्याभरात उतरायला लागलं. हे रोज जाऊन गाळ काढायचे, चिखल झालेल्या गाद्या, पुस्तकं रस्त्यावर टाकायचे. आत्या रोज सकाळी विचारायच्या, "उतरलं का?" आणि मी रोज सांगायची, "अजून आहे, आत्या."

पहिल्या आठवड्यात ते खरं होतं. पुढं नव्हतं. घर राहण्यासारखं नव्हतं हे कारण मी स्वतःला देत होते. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. मला तिथं बरं वाटत होतं! दहा मिनिटांत केर निघायचा. ओट्यापाशी उभं राहिलं की आत्यांची कॉट दिसायची, हाक ऐकायला धावत जावं लागत नव्हतं. तेव्हाच्या हिशेबाच्या वहीत मीच लिहून ठेवलंय, 'परत जायचं नाही.' खाली दोन रेघा ओढल्यात.

पितृपंधरवडा सरत आला होता. एका पहाटे आत्या गेल्या. झोपेत, त्रास न होता, सगळे म्हणाले सोनं झालं.

मग खाली कसं न्यायचं, यावर बाहेर बोलणं सुरू झालं. जिना अरुंद, वळणावर आडवं काही वळेना. लिफ्टमध्ये पाटी होती, 'सहा माणसं, 408 किलो.' सहा जिवंत, उभी माणसं. आडव्या माणसाचा हिशेब त्यात नव्हता. शेवटी कुणीतरी ती लाल खुर्ची आणली. आत्यांना तिच्यात बसवलं, छातीपाशी लुगड्यानं बांधलं. मान राहीना, म्हणून मी हनुवटी धरून आत गेले. समोर आरसा होता. तीन मजले मी आरशात बघत होते, माझा हात आणि आत्यांचा चेहरा. डोळे नीट मिटले नव्हते. दुसऱ्या मजल्यावर लिफ्ट थांबली, दूध आणायला निघालेला एक मुलगा दारात होता. तो मागं सरला, दार मिटलं.

तिरडी पार्किंगमध्ये, स्कुटरींच्या मधे बांधली.

त्यानंतर मी त्या लिफ्टमध्ये पाय ठेवला नाही. तीन महिने तीन मजले चढले-उतरले. गुडघे तिथं गेले, गावभागातल्या पायऱ्यांनी नाही. जानेवारीत करार अर्धवट सोडून आम्ही परत आलो. वहीतल्या दोन रेघांना मी तेव्हा मूर्ख म्हटलं. 2021 ला पाणी आलं तेव्हा वाटलं, मूर्ख नक्की कोण?

हे म्हणतात, "अगं, आत्याला तरी आपल्या जिन्यावरून खुर्चीतूनच नेली ना?" खरंय. आमचा जिनाही काही रुंद नाही. पण तेव्हा त्या जिवंत होत्या आणि मी जे सांगितलं ते खरं सांगितलं होतं. यावर हे गप्प बसतात. त्यांची आई होती, मी तिला रोज काय सांगत होते हे त्यांना तेव्हा माहीत नव्हतं. आता हे वाचून कळेल.

मुलगा म्हणतो, आई फ्लॅट बघायलाच तयार नाही. चूक. सहा बघितले. साडेनऊशे फुटांचा म्हणून दाखवतात, आत कार्पेट साडेसहाशेसुद्धा भरत नाही, हे एजंटच्या तोंडावर मीच सांगते. फक्त स्वयंपाकघराच्या आधी मी लिफ्ट बघते, तेवढंच तुम्हाला विचित्र वाटतं.

गेल्या रविवारी शंभर फुटी रोडजवळ एक बघितला. हे आत नळाला पाणी कसं येतं ते बघत होते. मी लिफ्टमध्ये पाटी वाचली, 'तेरा माणसं, 884 किलो.' दोन्ही हात पसरून आतली लांबी मोजली. वॉचमन बघत होता. बसेल असं वाटलं. पण ओट्यापुढच्या खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसते, आणि आमच्या घराला पुराचं नाव सांगून पाडून मागतायत, त्या भावात तो फ्लॅट येत नाही. एजंट गुरुवारी फोन करतो म्हणालाय.