तुम्ही विचारलेत म्हणून: धरणाकाठच्या तंबूत, मुलांना घेऊन

डिसेंबरातल्या एखाद्या सोमवारी मुलुंडच्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर तंबूचे ओले कापड वाळत घातलेले दिसले, की कुणीतरी शेजारी हमखास विचारतात, "दोन लहान मुलं, शिवाय सासूबाई, आणि रात्र धरणाच्या काठावर कापडाच्या तंबूत! तुम्हाला भीती नाही का वाटत?" जिन्यात उभ्या उभ्या मी आजवर "वाटते की" एवढेच उत्तर देत आले आहे. आज नीट सांगते, कारण भीती खरोखरच वाटते. मात्र विचारणाऱ्यांच्या मनात ज्या गोष्टींची असते, त्यांची फारशी नाही.

गेली तीन वर्षे आम्ही हिवाळ्यात भंडारदऱ्याला जातो. शनिवारी पहाटे निघून कसारा घाट चढायचा, घोटीला महामार्ग सोडून बारीच्या रस्त्याला लागायचे आणि शेंडीत चहा घेऊन जलाशयाच्या कडेने पुढे जायचे. प्रवरेवरचे विल्सन धरण १९२६ साली पूर्ण झाले आणि त्यामागचा आर्थर जलाशय भरला की त्यात सुमारे ११ टीएमसी, म्हणजे ११ अब्ज घनफूट, पाणी साठते. त्याच्या भोवताली मुरशेत, पांजरे, रतनवाडी अशी गावे आहेत. तिथल्या अनेक कुटुंबांनी काठालगतच्या शेतात तंबूंची सोय केलेली आहे. आम्ही तंबू आपलाच नेतो आणि जागेचे व जेवणाचे पैसे देतो. तिथले पिठले, तांदळाची भाकरी आणि ठेचा यांच्यासाठी माझी नऊ वर्षांची मुलगी, जी घरी भाकरीकडे पाहतही नाही, आठवडाभर आधीपासून दिवस मोजू लागते.

बिबट्या आणि साप यांच्याविषयी सगळेच विचारतात. तो परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे, त्यामुळे दोन्ही तिथे आहेत. उष्टे-खरकटे बाहेर ठेवायचे नाही, तंबूची चेन कायम लावलेली असावी, बूट झटकल्याशिवाय पायात घालायचे नाहीत आणि अंधारात विजेरीशिवाय एकही पाऊल टाकायचे नाही, एवढे कटाक्षाने पाळले की त्या बाबतीत माझे मन शांत असते.

पाण्याच्या बाबतीत मात्र ते कधीच शांत नसते, आणि ते तसे होऊ नये असेच मला वाटते. आपण मुंबईकर चौपाटीवर वाढलेले. पाणी पायाशी येते, गुडघ्यापर्यंत चढते, मग आपण मागे सरतो, अशी आपली सवय. धरणाचा काठ असा नसतो. त्या पाण्याखाली एक अख्खे खोरे बुडालेले आहे, त्यातल्या जुन्या खाचरांचे बांध आणि ओढ्यांच्या घळी यांसकट. घोट्याएवढ्या पाण्यातून पुढे टाकलेले पाऊल एकदम डोक्यावरच्या पाण्यात जाऊ शकते. शेतीसाठी धरणातून पाण्याचे आवर्तन सुटले की पाणी मागे हटते आणि नुकताच उघडा पडलेला काठ वरून वाळल्यासारखा दिसतो, पण आत गाळ असतो आणि त्यात मोठ्या माणसाचाही पाय रुतून बसतो. शिवाय बुडणारे मूल बहुधा हाक मारत नाही, हे मला प्रत्येक आईवडिलांना सांगावेसे वाटते. तोंड पाण्याच्या पातळीला आले की शरीर मिळेल तो क्षण श्वास घेण्यासाठी वापरते, ओरडण्यासाठी त्याच्याकडे काही उरत नाही. म्हणून दहा पावलांवर गप्पा मारत बसलेल्या मोठ्यांनाही काही ऐकू येत नाही.

त्यामुळे आमचा तंबू पाण्यापासून किमान साठ पावले वर, चढावर असतो आणि त्याचे दार पाण्याच्या उलट दिशेला असते, म्हणजे झोपेतून उठून चालू लागलेले मूल निदान पाण्याकडे चालू लागत नाही. मुले जागी असतील तोवर आम्हा तिघा मोठ्यांपैकी एकजण फक्त त्यांच्याकडे पाहत असतो, हातात फोन न घेता. पाळी बदलताना "आता पाणी माझ्याकडे" असे मोठ्याने म्हणायचे, आणि पुढच्याने ते म्हटल्याशिवाय पहिल्याने उठायचे नाही. पोहायला कुणीही उतरत नाही. होडीत बसायचे तर जीवरक्षक जॅकेट प्रत्येकाच्या अंगात, अगदी काठाकाठाने फिरायचे असले तरी. मागच्या वर्षी एका नाववाल्याकडे मुलांच्या मापाची जॅकेटे नव्हती. माझा सहा वर्षांचा मुलगा पुष्कळ रडला, पण आम्ही परत फिरलो.

आणि आता त्या गोष्टीविषयी, जिच्याबद्दल मला आजवर कुणीही विचारलेले नाही. भंडारदऱ्याला जाऊ लागण्याआधी, तंबूत राहण्याच्या अगदी पहिल्या वर्षी, आम्ही दुसऱ्या एका तलावाकाठी उतरलो होतो. रात्री थंडी वाढली तेव्हा तिथली व्यवस्था पाहणारा तरुण अतिशय मायेने निखाऱ्यांनी भरलेली शेगडी घेऊन आला आणि सासूबाईंना म्हणाला, "आजी, ही आत ठेवा, रात्रभर ऊब राहील." मी हात पुढे केला होता, हे मला मान्य केले पाहिजे. सासूबाई म्हणाल्या, "नको रे बाळा, ही बाहेरच राहू दे." नंतर त्यांनी सांगितले की बाळंतिणीला शेक द्यायला खोलीत शेगडी आणली की त्यांची आई दार कधीच पूर्ण लावू देत नसे, दोन बोटांची फट राहिलीच पाहिजे, हा तिचा दंडक होता. मुंबईला परतल्यावर मी त्यामागचे कारण शोधून वाचले. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेपट अधिक घट्ट चिकटतो. धूर नसलेले लालभडक निखारे निर्धोक वाटतात, पण बंद तंबूत झोपलेल्या माणसाला आपण गुदमरतो आहोत हे कळतसुद्धा नाही. त्या तरुणाच्या मनात आमच्या भल्याखेरीज काही नव्हते. तरीही मी आता जिथे जाते तिथे जागेच्या मालकांना, शेजारच्या तंबूतल्या अनोळखी कुटुंबांनाही, हे सांगते. कुणाला आगाऊपणा वाटला तरी सांगते.

मग थंडीचे काय करायचे? भंडारदरा समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर आहे आणि रात्री डोंगरउतारावरची गार, जड हवा पाण्याच्या दिशेने खाली उतरते. काठापासून वर राहिल्याचा इथेही थोडा उपयोग होतो. अंगावर कितीही पांघरले तरी गारठा जमिनीतून येतो, म्हणून आम्ही खाली फोमच्या चटया आणि त्यांच्यावर सासूबाईंनी शिवलेली गोधडी घालतो. तंबूची वरची जाळीदार खिडकी मात्र कडाक्याच्या थंडीतही उघडी असते. पाच माणसांच्या श्वासातले बाष्प बाहेर पडायला वाट हवी, नाहीतर पहाटे छतावरून थेंब पडू लागतात.

सासूबाईंना हे सगळे सोसते का, असेही विचारले जाते. गेल्या डिसेंबरात मध्यरात्री मला जाग आली तेव्हा त्या शाल गुंडाळून तंबूबाहेर खुर्चीवर बसल्या होत्या आणि शेजारी माझी मुलगी होती. त्या तिला मृगाचे तीन तारे, त्यांच्या रेषेत खाली व्याध आणि वरच्या बाजूला कृत्तिकांचा पुंजका दाखवत होत्या. मुलगी कृत्तिका मोजत होती, पाच झाल्या होत्या आणि सहावीपाशी तिचे अडत होते. मी दोघींच्या पायांवर आणखी एक पांघरूण घातले आणि माझ्या तोंडून सवयीने "आता पाणी माझ्याकडे" निघाले. सासूबाईंनी मान न वळवता "बरं" म्हटले.